अपरिग्रहाचा उरलेला अर्थ

९ जानेवारी २००३, शिनोली
सकाळचा वर्ग. मारुतीच्या सभामंडपात थंडी मरणाची, सतरंज्या ओल्या वाटाव्यात इतक्या गार. आज आक्कांना बरोबर नेलं. आक्का म्हणजे ह्यांची थोरली बहीण. डिंभ्याला असतात. गुडघे धरलेत म्हणून महिना-दोन महिने माहेरी आल्यात. वज्रासन जमेना, खांबाला टेकून बसल्या. शवासन मात्र पहिल्याच दिवशी उत्तम जमलं. घोरल्या. वर्गातली धुरपदाबाई म्हणाली, ह्यांना थेट परीक्षेलाच बसवा.

शेवटी नेहमीप्रमाणे एक संस्कृत शब्द. दिवसभर घोडेगावच्या हायस्कुलात संस्कृत शिकवून हौस फिटत नाही, त्यातला हा प्रकार. आज 'आसन'. स्थिर आणि सुखानं बसता येईल ते आसन, म्हटलं. आक्का घरी कांदे निवडताना तोच शब्द पुटपुटत होत्या.

त्यांची गंमत वाटते. देवळात मला 'बाई' म्हणतात, घरी 'शालन'. चप्पल पायात गेली की मी शालन.

१७ जाने.
शब्द: अहिंसा. धुरपदाबाईच्या घरी अजून मेंढरं आहेत. तिची शंका अशी, की मेंढराची गोचीड चिरडली तर ती हिंसा का? मी म्हटलं, हेतू बघायचा. ती म्हणाली, माजा हेतू गोचीड मारायचाच असतो की. बायका हसल्या. मीही हसून वेळ मारून नेली.

आक्का हसल्या नाहीत. त्या शब्द ऐकतात तेव्हा औषधाचं प्रमाण ऐकल्यासारख्या ऐकतात.

संक्रांतीच्या दिवशी बोलता बोलता म्हणाल्या होत्या, वडलांच्या जमिनीतला माझा तुकडा निघाला की तिथं पत्र्याची खोली टाकते, दोन शेरडं पाळते आणि रेखीला आणते. रेखा म्हणजे त्यांची लेक. नवऱ्यानं टाकलेली. ओतूरला कापडाच्या दुकानात कामाला आहे, भाड्याच्या खोलीत राहते. आक्कांची सासरची जमीन धरणात गेली. बदली जमीन दिरांनी लांबवली, मग नवरा गेला. डिंभ्याला पाण्याच्या कडेला एक खोपट आहे, तेवढंच.

हे मुद्दाम लिहून ठेवते. मला ठाऊक होतं, नव्हतं असं नाही.

२४ जाने.
शब्द: सत्य. ठीक झाला.

अण्णांचं, म्हणजे सासऱ्यांचं, वर्षश्राद्ध झालं तसा तलाठी येऊन गेला. कालव्याखालच्या जमिनीला वारस म्हणून बहीण-भाऊ दोघांची नावं लागणार. हे जेवताना म्हणाले, गावात सगळ्यांच्याच बहिणी हक्कसोड करून देतात. घोडेगावला जायचं, सही करायची, भावानं साडीचोळी करायची, पुरणपोळी जेवायची, मिटलं. नाही केलं तर लोक म्हणतात बहिणीनं माहेर तोडलं. आक्का काही नाही म्हणायची नाही. "पन तुझं ऐकती ती. तू इचार."

मी म्हटलं, मी नाही विचारणार. तुमची बहीण, तुम्ही बोला.

झोपताना स्वतःवर खूश होते.

रस्त्याकडेच्या टोकाला घर बांधायचं आमचं कधीचं चाललंय. ते टोक आक्कांच्या वाट्याला जाईल अशी वाटणी होते. त्या घराचं स्वयंपाकघर माझ्या डोक्यात बांधून तयार आहे. पूर्वेला मोठी खिडकी. आत्ताच्या स्वयंपाकघरात दुपारीही दिवा लावावा लागतो.

३१ जाने.
यमांच्या क्रमानं आज 'अस्तेय' यायला हवा होता. चोरी न करणे, सगळ्यांना माहीतच आहे, म्हणून एका वाक्यात उरकला. पुढचा 'ब्रह्मचर्य', तो बायकांच्या वर्गात कुठे काढायचा, हसत बसल्या असत्या. म्हणून 'अपरिग्रह' घेतला.

बोलले छान. परिग्रह म्हणजे चहूबाजूंनी धरून ठेवणं. भांडी, कपडे, सोनं. "जमीनसुद्धा. माणूस माझी माझी म्हणतो, जमिनीला ठाऊक पण नसतं." हे वाक्य तयार करून नेलं नव्हतं. आपोआप आलं. आक्का समोरच बसल्या होत्या, त्यामुळे त्यांच्याकडे बघून आलं.

मी काही विचारलं नाही. शब्दाचा अर्थ सांगितला.

३ फेब्रु.
आक्कांनी जादाची वाकळ देवळातल्या म्हाताऱ्याला दिली. पितळी तांब्या धुरपदाबाईला. दोन लुगडी ठेवली, बाकीची बोचक्यात बांधून म्हणाल्या, ही कुणाला द्यायची बाई, तुमी सांगा. घरात असून 'बाई' म्हणाल्या.

हे हसले. मी म्हटलं, राहू द्या आक्का, एवढं नको. पण अशा आवाजात म्हटलं की कुणी थांबू नये.

७ फेब्रु.
रात्री जेवताना आक्का स्वतःच म्हणाल्या, मला घोडेगावला न्या, मी सही करती. ह्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, घास तसाच हातात. खरंच आलं, नाटक नव्हतं. त्यांनी विचारलं, रेखीचं काय? आक्का म्हणाल्या, "रेखीचं रेखी बगंल. धरून ठिवायचं न्हाई."

माझंच वाक्य होतं.

बोलायची वेळ ती होती. मी तव्यावरची भाकरी काढली आणि त्यांच्या ताटात वाढली.

१२ फेब्रु.
अर्धी रजा. घोडेगाव. हक्कसोड झालं. कचेरीतल्या माणसानं विचारलं, राजीखुशीनं का आजी? आक्का म्हणाल्या, व्हय, लई खुशीनं. मी साक्षीदार नव्हते. ह्यांनी आधीच दुसरे दोघे आणले होते, नाहीतर मीच सही केली असती.

घरी पुरणपोळ्या. ह्यांनी नारायणगावाहून हिरवी साडी आणलेली. आक्कांनी हात लावला आणि परत दिली. म्हणाल्या, ही घेतली तर काय दिल्यावानी झालं? ह्यांना वाईट वाटलं, थोडा रागही आला. लोक म्हणतील, भावानं साधी साडी केली नाही. मला म्हणाले, सांग तिला, साडी घ्यायला काही हरकत नसते म्हणून. मी सांगितलं नाही. म्हणजे आज एकदा तरी मी तोंड बंद ठेवलं, पण भलत्या ठिकाणी.

साडी माझ्या कपाटात आहे.

१४ मार्च
आक्का डिंभ्याला परत गेल्या. गुडघे बरे आहेत म्हणाल्या. चालताना दिसत होतं, तसे काही बरे नाहीत.

२१ मार्च
रेखा आली होती. दुकानातून सुट्टी काढून, ओतूरहून दोन गाड्या बदलून. उंबऱ्याच्या आत आली नाही. ह्यांना बरंच बोलली. हे म्हणाले, तुझ्या आईनं मनानं दिलंय, मी मागितलं नव्हतं. ते खरं आहे. त्यांनी मागितलं नव्हतंच.

मग माझ्याकडे वळली. "मामी, तुमी आईला काय शिकवलं?"

मी म्हटलं, योग.

ती तशीच वळली आणि गेली. पाणीसुद्धा घेतलं नाही. मी तिच्या मागे फाटकापर्यंत गेले, पुढे गेले नाही. काय बोलणार होते? शाळेत एखाद्या पोराला नापास करताना कारण सांगता येतं. इथं तेही सांगता येईना.

१९ जून
शाळा सुरू. पाऊस नीट नाही.

शिक्षकांच्या पतसंस्थेचं घरासाठीचं कर्ज माझ्या पगारावर निघणार. त्यासाठी जागा माझ्या नावावर पाहिजे. ह्यांनी रस्त्याकडेचं टोक माझ्या नावावर करून दिलं. कौतुकानं म्हणाले, घे, आता मालकीण झालीस. म्हणजे आक्कांनी सोडलेलं फिरून फिरून माझ्याच हातात आलं. सही करताना हात कापला वगैरे काही नाही. नेहमीसारखी ठसठशीत सही केली, खाली रेघ पण मारली.

घरी आल्यावर मात्र जेवण गेलं नाही. पित्त म्हणाले सगळ्यांना.

८ ऑगस्ट
यम संपले, वर्गात आता पतंजलीचे 'नियम' चाललेत. मागे 'शौच' सांगितला तेव्हा बायका पदर तोंडाला लावून फुटल्या होत्या. आज 'संतोष' घेतला. पुढचा 'तप'. त्यानंतरचा 'स्वाध्याय' टाळायचाय. स्वतःचं स्वतः वाचणं. नको.

धुरपदाबाई मध्येच म्हणाली, बाई, तुमी मागं एक शब्द गडबडीत सांगितला व्हता. चोरीचा. त्यो पुन्यांदा सांगा.

सांगावा लागला. दुसऱ्याचं न घेणं. घ्यावंसं न वाटणं. दुसऱ्याला नीट न सांगता त्याच्याकडून सोडवून घेणं, हेही त्यात येतं. हे शेवटचं मी जोडलं की पोथीत आहे, आता नक्की सांगता येणार नाही. पण मोठ्यानं म्हटलं.

धुरपदाबाई म्हणाली, "मंजी चोरीच की. त्येला एवडा मोठा शब्द कशापायी?" आणि सतरंजी गुंडाळायला लागली. तिला काही माहीत नाही. तरी दिवसभर मला वाटत राहिलं की तिला माहीत आहे.

ऑगस्ट, तारीख विसरले
पाया खणायला घेतला. काळी माती, सुरेख. खिडकी पूर्वेलाच ठेवायची का, असं गवंड्यानं विचारलं. मी हो म्हटलं. लगेच.

भाऊबीज
आक्का आल्या. ह्यांना ओवाळलं. ताटात ह्यांनी टाकलेलं आक्कांनी कपाळाला लावून परत ह्यांच्याच खिशात घातलं. हे चिडले, मग हसले, मग बाहेर निघून गेले.

आम्ही दोघीच. आक्का वाती वळत होत्या. कितीतरी महिने जे तोंडात घोळवत होते ते बोलले. आक्का, तो शब्द मी अर्धाच सांगितला. गरजेपुरतं ठेवणं म्हणजे परिग्रह नाही. भाकरीपुरती जमीन, लेकीला निवारा, हे ठेवायचंच असतं. आणि तो शब्द ज्याच्याकडे जास्ती आहे त्याला आधी लागू होतो. तुम्हाला नाही, आम्हाला. ती जागा आता माझ्या नावावर आहे. मी परत देते, रेखाच्या नावानं करू.

वाती वळायचं थांबलं नाही.

"मग तवा का न्हाई सांगितलंस?"

मी म्हटलं, मला घर पाहिजे होतं.

इतकं सरळ मी कुणालाच बोलले नव्हते, ह्यांनाही नाही. वाटलं होतं, त्या चिडतील. मला ते हवंच होतं, एकदा चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. पण त्यांनी वात खाली ठेवली आणि हळूच म्हणाल्या:

"शालन, जमीन धरनानं नेली. मानूस देवानं नेलं. रेखीचा संसार तिच्या नवऱ्यानं नेला. समदं मला न इचारता गेलं. ह्येवडं एक मी माज्या हातानं दिलं. त्येच्यावर झोप लागती मला. आता तू म्हनतीस, ते बी मी दिलं न्हवतं, तू काडून घेतलं व्हतं?"

मी वातींचं ताट जवळ ओढलं.

"मग ऱ्हाऊ दे. रेखीला ह्ये सांगू नको."

थोड्या वेळानं त्यांनी चहा मागितला. मी केला. साखर दोनदा पडली, त्यांनी तसाच प्यायला.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी
रात्री डोळा लागला नाही. परत दिलं तर आक्कांनी आयुष्यात एकदा केलेलं दान खोटं ठरतं. नाही दिलं तर रेखा उघड्यावर. दोन्हीकडून पाप माझंच. आणि यातलं सोयीचं कुठलं, ते मला न सांगता कळतं. आक्कांनी 'ऱ्हाऊ दे' म्हटल्यावर छातीत जे हलकं वाटलं, ते मी ओळखलं. त्याची शरम वाटते.

ह्यांना सगळं सांगितलं. हे म्हणाले, तिनं मनानं दिलंय, तिला नको वाटतंय, तू कशाला उकरतीस? बायकोला रडताना बघून त्यांना कसंतरी झालं, म्हणाले, तुला वाटत असेल तर दर वर्षी तिला धान्य देऊ, जास्तीचं देऊ. चांगला माणूस आहे. आम्ही दोघंही चांगलीच आहोत, गावात कुणालाही विचारा.

६ फेब्रु. २००४
शाळेच्या कामानं ओतूर. बाजारात रेखा भेटली. दुकानदारानं माणसं कमी केली, तिला पहिलं काढलं. खोली सोडून आईपाशी खोपटात जाणार. तिथून कांदे काढायला रोजानं जायचं, गाडी मिळाली तर.

मी म्हटलं, नवं घर होत आलंय, एक खोली आहे, तू ये राहायला.

"कामाला का?"

तसं नाही म्हटलं. पण कसं, ते सांगायला गेले तर आक्कांचा शब्द मोडत होता. निदान मी तसं स्वतःला सांगितलं. तिनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि म्हणाली, "आई म्हनती, तुमाला बोल लावायचा न्हाई. म्हनून मी बोलत न्हाई."

परतीच्या गाडीत खिडकीपाशी जागा मिळाली. शेजारची बाई काय काय विचारत होती, मी हो हो म्हणत होते.

१० एप्रिल
गिलावा झाला. स्वयंपाकघरात सकाळी ऊन येतं, थेट ओट्यावर. पहिल्या दिवशी मी तिथं नुसती उभी राहिले. आनंद झाला. खोटं कशाला लिहू, खूप झाला.

वर्ग बंद केला. सुट्ट्या म्हणून सांगितलं. धुरपदाबाई घरी येऊन विचारून गेली, बाई पुन्यांदा कधी? गुडघे आता तिचेही धरलेत. बघू म्हटलं.

५ मे
उद्या वास्तुशांत. आक्का आजच आल्या. सगळ्या घरातून फिरल्या, भिंतींवरून हात फिरवला, खिडकीपाशी थांबल्या. म्हणाल्या, लई उजेड हाय गं. मनापासून म्हणाल्या.

हे मागे लागले म्हणून मी ती हिरवी साडी पुन्हा काढली होती. द्यायचं धाडस झालं नाही.

६ मे
लिहायला बसले तर पाय दुखतायत. पाहुणे गेले. आक्का पडवीत झोपल्यात, त्यांना आतला पंखा सोसत नाही.

होम होता. हे आहुती टाकत होते, माझा हात त्यांच्या हाताला. भटजी प्रत्येक आहुतीला सांगत होते, 'इदं न मम' म्हणा. हे म्हणत होते. आपल्याकडे सगळेच म्हणतात. मी मुलांना हे शिकवलंय, परीक्षेत विचारलंय. इदं, हे. न मम, माझं नाही. पण या जमिनीवर बसून, माझ्या नावावरच्या भिंतींच्या मधोमध, पहिल्यांदा ऐकल्यासारखं ऐकू आलं. ओठ हलवले, आवाज काढला नाही.

आक्का भिंतीशी बसल्या होत्या. मधे भटजी तुपाचं भांडं बदलायला थांबले, तेव्हा त्यांनी देवळातल्यासारखं विचारलं, "बाई, ह्ये 'न मम' मंजी काय?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. कौतुकानं. घरातच संस्कृतच्या बाई.

म्हटलं, "हे माझं नाही, असं."

"मग कुनाचं?"

त्यांना टोमणा मारता येत नाही. शब्द कळावा म्हणून विचारलं. ह्यांचा हात माझ्या हाताखाली आवळला गेला, तो मला जाणवला. समोर रेखाची जागा रिकामी होती, ती आलीच नाही. तुमचं, असं म्हणायचं होतं. एक शब्द. धुरामुळे डोळे चुरचुरत होते, पाहुणे बघत होते, भटजींची पळी भरली होती.

"अग्नीचं," मी म्हटलं. "ज्या देवाला आहुती देतो, त्याचं."

आक्कांनी मान हलवली, पटलं त्यांना. भटजी म्हणाले, अगदी बरोबर. अर्थ बरोबरच आहे, मी तपासायला गेले तरी चूक सापडणार नाही. अपरिग्रहाचाही मी बरोबरच सांगितला होता.

उद्या सकाळी आक्का जाणार. डिंभ्याची गाडी वेळेवर कधी येत नाही, फाट्यावर बराच वेळ उभं राहावं लागतं. सोडायला मी एकटी जाते, असं ह्यांना सांगितलंय. आक्का नको म्हणाल्या तरी रेखाला विचारता येतं की नाही, ह्याचा विचार चाललाय. जागेचे कागद पिशवीत घातलेत. फाट्यावरून डिंभ्याला रेखाकडे जाता येतं आणि घोडेगावच्या कचेरीतही, आणि मी अजून ठरवलेलं नाही.